‘हॅव’चं घराणं

६ जानेवारी

प्रिय मामा,

आधी तब्येत, मग बाकीचं, असं मामीने बजावलंय. तर, कसा आहेस? झालं. आता बाकीचं!

फोनवर तुझे शब्द अडकतात, मग तू चिडतोस, मग मामी फोन काढून घेते. त्यापेक्षा हा पत्रांचा कार्यक्रम बेस्ट. डॉक्टरांनी तुला रोज लिहायला सांगितलंय ना, मग लिही मला. एकच अट, माझं शुद्धलेखन तपासायचं नाही. इंग्लिश मीडियमचं पोर आहे मी, ऱ्हस्व-दीर्घ माझ्या स्वभावातच नाही.

कोशाच्या खोलीत मला आज बरोबर पाच आठवडे झाले. तुझ्याच टेबलावर बसते. डावा ड्रॉवर अजून अडकतो, गुडघा मारला की उघडतो. साहेब (ज्यांना तू कात्री म्हणायचास, मीही मनात तेच म्हणते) पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुमच्या मामांनी एकतीस वर्षं या कोशाचं ‘मूळ’ लिहिलं. इंग्लिश शब्द कुठून आला, जर्मन घरातून कसा फिरला, आपल्या भाषेत त्याचं कोण लागतं, सगळं त्या कपाटात आहे. तुम्ही फक्त बाहेर काढा.”

फक्त! मामा, मी कपाट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. चौदा खण, अठरा हजार कार्डं आणि ऑर्डर म्हणून नाही. ‘हॅव’च्या मागे ‘हीव्ह’, त्याच्यामागे ‘हेवी’, मग ‘हॉक’, मग एकदम ‘कॅप्चर’ आणि ‘अॅक्सेप्ट’! ‘टूथ’ बसलाय ‘डेंटिस्ट’च्या मांडीला मांडी लावून. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तुझ्या हातून विस्कटलं असणार. वाईट वाटलं मला. म्हटलं, मामाला सरप्राइज द्यायचं.

सुट्टीचे नऊच्या नऊ दिवस मी एकटी खोलीत बसले आणि सगळी कार्डं ए टू झेड लावली. अठरा हजार! पाठीचा काटा ढिला झाला, पण काय दिसतंय कपाट! आता कुणालाही कुठलाही शब्द पाच सेकंदांत सापडतो. शाबासकी पाहिजे. लगेच.

तुझी,
भिंगरी

१३ जानेवारी

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पेन. पेन समोर होतं, पण ‘पेन’ हा शब्द सापडेना. मामीला काय आण म्हणून सांगू? शेवटी हवेत बोटाने लिहून दाखवलं. तिने पाठ खाजवायची काठी आणून दिली. हल्ली आमचा संसार असा चाललाय.

कपाट लावलंस. नऊ दिवस म्हणजे चेष्टा नाही. चिकाटी आहे तुझ्यात, आईवर गेलीस.

एक सहज विचारतो. लावायच्या आधी खणांचे फोटो वगैरे काढले होतेस का? तुम्ही मुलं सगळ्याचे काढता म्हणून. नसतील काढले तर काही नाही. अगदी काही नाही.

पाठ शेकून घे. जेवत जा वेळेवर.

मामा

२२ जानेवारी

प्रिय मामा,

फोटो नाही काढले रे. पसाऱ्याचे कशाला काढू? पण मोठी बातमी आहे!

कात्रीने काल आम्हाला बोलावलं. वरून प्रेशर आहे, कोश फार जाड होतोय. ते म्हणाले, “मूळ हा भाग ठेवायचा की उडवायचा ते ठरवायचंय. एक नमुना करून दाखवा, ‘हॅव’ घ्या. दहा फेब्रुवारीपर्यंत. पटलं तर पुढे बघू. नाही पटलं तर कोश मुळाशिवाय छापू आणि कपाट रद्दीत.” मामा, रद्दीत! असं म्हणाले जसं काही जुनी वर्तमानपत्रंच.

घाबरू नकोस. मी एका दुपारीच केलं! लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणं. जर्मनमध्ये ‘हाबेन’. इंग्लिशमध्ये ‘हॅव’. अर्थ तोच, तोंडवळा तोच, जुळी भावंडंच! लॅटिनमधून जर्मन, जर्मनमधून इंग्लिश, एकदम सरळ हायवे. इतकं उघड होतं की तपासायला पुस्तकसुद्धा उघडलं नाही.

एकच अडचण आहे. तुझ्या कार्डांवर मी मूळ शोधते आणि ते सापडतच नाही. पुढच्या बाजूला शब्द, खाली जुनी रूपं, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर सापडलं ते. मागे कोरं. कुणाचं कुणाशी नातं आहे हे तू लिहायचास कुठे? वेगळी वही आहे का? कुठे ठेवलीस? लवकर कळव, पुढच्या शब्दांना लागेल.

तुझी,
भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरी,

हे पत्र मी, मामी लिहितेय. ह्यांना माहीत नाही. खाली भाजी आणायला जाते सांगून पोस्टात उभी राहून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

वही नाही. कधीच नव्हती.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “पोरीने फार कष्ट घेतले गं.” उत्तराचे पाच कागद फाडले. तुला पाठवलं तो सहावा. मला सक्त ताकीद, भिंगरीला एक अक्षर सांगायचं नाही. पण परवा तुझं ते हाबेरे वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी ठरवलं, आता पुरे.

मला त्यातलं काही कळत नाही. एकतीस वर्षं मी फक्त डबा दिला. पण त्यांनी मला समजावलं ते असं. त्या खणात कार्डं विस्कटलेली नव्हती. कुणाच्या शेजारी कोण बसलंय, तेच त्यांचं लिखाण होतं. म्हणाले, “घरच्या फोटोत माणसं शेजारी बसली की पाठीमागे नाती लिहावी लागतात का?” आजा पुढे, मुलं मागे, लेकी-सुना बाजूला, असं एकेक घराणं त्यांनी बसवलं होतं. हजार-दोन हजार घराणी. तू सगळ्यांना उठवून नावाप्रमाणे रांगेत उभं केलंस.

तुझा हेतू वाईट नव्हता, ते मला ठाऊक आहे, त्यांनाही. पण आता ते सगळं फक्त त्यांच्या डोक्यात उरलंय, आणि त्या डोक्याचं काय चाललंय ते तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला थोडं थोडं जाणार. काल ह्यांना ‘चमचा’ आठवेना.

रागावू नकोस माझ्यावर.

मामी

२९ जानेवारी

मामा,

मामीला बोलू नकोस, तिने सांगितलं ते बरं केलं.

काय लिहू? सॉरी हा शब्द किती फालतू आहे हे मला आज कळलं. सकाळपासून मी कपाटासमोर जमिनीवर बसलेय. ‘एच’चा खण काढून मांडीवर घेतला आणि आठवायचा प्रयत्न केला, आधी कोणाच्या मागे कोण होतं. हॅव, हीव्ह, हेवी, हॉक, कॅप्चर, अॅक्सेप्ट. सहा. मामा, अठरा हजारांतली मला सहा आठवतायत, तीसुद्धा तुला पत्रात हसत हसत लिहिली होती म्हणून!

तू का नाही ओरडलास? फोटो काढलेस का विचारलंस आणि वर पाठ शेकून घे म्हणालास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझ्याकडे यायला रजा मागितली. कात्री म्हणाले, फेब्रुवारी संपेपर्यंत कुणालाही नाही. कार्डं बाहेर न्यायची परवानगी नाही. बाहेरचे कोश पालथे घातले. त्यांत जर्मन घरापर्यंतचं मिळतं, पण आपल्या शब्दाशी नातं जोडणारा शेवटचा टप्पा तुझा होता, तो कुठेच नाही. आणि तयार कोशातून उतरवायचं नाही, फक्त तपासायला चालेल, हा कात्रीचा दंडक.

हॅव चुकलंय हे कळलं. कसं चुकलं ते कळत नाहीये. मला सांगशील? जेवढं आठवतंय तेवढं. मला काहीही येत नाही, मामा. मी फक्त उत्साही आहे. उत्साही माणसाला कपाटाजवळ येऊ देऊ नये.

भिंगरी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

रडणं झालं असेल तर कागद घे. हे मी तीन दिवस लिहितोय. जिथे शब्द मिळाला नाही तिथे मी खुणेने सांगेन, तू ओळख.

पहिली गोष्ट. सारखं दिसतं ते नातेवाईक असं मानायचं नाही. रस्त्यावर तुझ्यासारखं नाक दिसलं म्हणून तू कुणाला मावशी म्हणत नाहीस. नातं नाकावर नसतं, चालीवर असतं. जर्मन घराची एक चाल आहे. ते घर मोठ्या कुटुंबातून वेगळं झालं तेव्हा त्यांचे आवाज सरकले. एकाचा नाही, सगळ्यांचे, शिस्तीत. प चा फ झाला: आपला पितर, त्यांचा फादर. त चा थ: आपले तीन, त्यांचे थ्री. द चा ट: आपला दंत, त्यांचा टूथ. आणि क चा ह: लॅटिनमध्ये शिंगाला कॉर्नू, इंग्लिशमध्ये हॉर्न. ह्याला अपवाद आहेत, पण त्यांनाही कारणं आहेत. उगाच कुणी वागत नाही.

आता हॅव. जर्मन घरातला शब्द, सुरुवातीला ह. तो सरकून आलाय. मग सरकण्याआधी काय होता? सांग. क! म्हणजे लॅटिनमध्ये त्याचा भाऊ ह ने सुरू होऊच शकत नाही. क ने शोध. कापेरे. म्हणजे पकडणं, हाताने घट्ट. त्यातूनच कॅप्चर, अॅक्सेप्ट. हीव्ह म्हणजे पकडून उचलणं, हेवी म्हणजे उचलायला जड. हॉक, तो पक्षी, पकडणारा. हा बहुतेक, ‘बहुतेक’ लिहायला विसरू नकोस.

आणि तुझं हाबेरे? लॅटिनच्या त्या ह च्या जागी पूर्वी घ होता. घ चा जर्मन घरात ग होतो. म्हणून हाबेरेचं इंग्लिशमधलं भावंड गिव्ह, असं मानतात. घेणाऱ्याचं नाक देणाऱ्याच्या नाकासारखं, इतकंच.

आपल्याकडे हॅवचा नातेवाईक? एक संशयित आहे, पण मी तीस वर्षांत त्याला घरात घेतला नाही. पुरावा नाही. तिथे सरळ ‘नाही’ लिही. नाही लिहायला लाजायचं नाही. आपल्याकडे तर हे क्रियापदच नाही. आपल्यापाशी वस्तू असते. आपण तिला पकडून बसत नाही.

दुसरी गोष्ट. हे मामीलाही माहीत नाही. तू स्वतःला बोल लावू नकोस. कार्डांच्या पाठी लिहायला किती वेळ लागला असता? कात्रीच्या आधीचे साहेब वर्षानुवर्षं सांगत होते, लिहून ठेवा. मी टाळलं. लिहून ठेवलं तर मग माझं काय काम, असं वाटायचं. कुणीही यावं, वाचावं, आणि मला म्हणावं, तुम्ही जा आता. म्हणून सगळं असं ठेवलं की माझ्याशिवाय कुणाला त्या… कपाटातला तो, ओढायचा… डबा, त्याला हात लावता येऊ नये. तू हात लावलास. चूक नऊ दिवसांची तुझी, एकतीस वर्षांची माझी.

दहा तारखेला हे दे.

मामा

१२ फेब्रुवारी

मामा, मामी, दोघांना,

पास! हॅव पास झालं! कात्रीने दोनदा वाचलं. ‘आपल्याकडे नातेवाईक नाही’ तिथे थांबले, म्हणाले, “हे आवडलं. खरं वाटतं.” मग म्हणाले, “अठ्ठावीस तारखेपर्यंत दोन हजार शब्द असे द्या. प्रत्येक कागदावर खाली ‘तपासलं, बरोबर आहे’ अशी तुमची सही. दोन हजार झाले तर मूळ छापू, पहिल्या पानावर मामांचं नाव, आणि कपाट कायम. नाहीतर सॉरी.”

सोळा दिवस, मामा. रोज सव्वाशे. मी गणित केलंय. मी रोज दोनशे शब्दांची यादी कुरिअरने पाठवते. तू काही लिहायचं नाहीस, फक्त एका घराण्याच्या शब्दांना एकच नंबर द्यायचा. पुराव्याची कार्डं मी इथे काढते, जोडते, पुस्तकात तपासते. होईल ना? झालंच पाहिजे. मी खोलीत सतरंजी आणून ठेवलीय, घरी जाण्यात दीड तास जातो.

पहिली यादी सोबत आहे.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

भिंगरी,

आज सहावी यादी आली. अजून उघडली नाही, उशीखाली ठेवलीय.

पहिले तीन दिवस मी ह्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. सकाळी चहाच्या आधी पेन्सिल. “ये रे बाबा, तुझी बहीण इकडे बसलीय,” असं शब्दांशी बोलायचे. मी म्हटलं, माझ्याशी लग्नानंतर इतकं बोलला नाहीत. तर म्हणाले, तुझं मूळ मला आधीच सापडलं होतं.

चौथ्या दिवसापासून बिघडलं. आठ-आठ तास बसतात. एका शब्दाला तीन नंबर देतात, खोडतात, कागद फाटेपर्यंत खोडतात. डॉक्टर म्हणाले, ताण नको, हे ताबडतोब बंद करा. काल मला हाक मारायची होती, नाव येईना. “ती… चहा देणारी,” म्हणाले. मी गेले. काय करणार, चहा देणारी तर आहेच.

तू थांब. मला त्यांना थांबवता येत नाही, यादी आली नाही तर दारात जाऊन बसतात. तू पाठवायचं थांबव. एवढंच मागणं मागते.

मामी

२० फेब्रुवारी

मामी,

नाही थांबवता येत गं. प्लीज. आठच दिवस राहिलेत. अकराशे शब्द झालेत. आता थांबलो तर सगळंच गेलं. अकराशेला कोण विचारतो? एकतीस वर्षांचं एक पान तरी राहू दे, ज्यावर त्याचं नाव असेल. माझ्यामुळे गेलंय ते सगळं, मला एवढं तरी परत देऊ दे त्याला.

तुला वाटत असेल मी स्वार्थी आहे. असेन. पण तूच सांग, यादी नाही आली तर तो दारात जाऊन बसतो ना? मग त्याला काय हवंय?

आठ दिवस. उशीखालची यादी दे त्याला. पाया पडते.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरे

यादी केली. आज खूप झाल्या. सगळ्या.

आता सोपं जातं. शब्द आपले आपण शेजारी येऊन बसतात. आधी ओढून आणावे लागायचे. मी उगाच कठीण करायचो.

डे आणि दिवस. बघ ना. इतकी वर्षं दिसलं कसं नाही मला.

इथे एक बाई आहेत, सारखं पुरे पुरे म्हणतात. चांगल्या आहेत. त्यांना म्हणावं थोडंच राहिलंय.

अजून पाठव

मामा

२ मार्च

मामी,

कसं सांगू, तेच कळत नाहीये, म्हणून क्रमाने सांगते.

मामाच्या तेवीस तारखेच्या यादीत डे आणि दिवस यांना एकच नंबर होता. पत्रातही होतं. दिसायला किती गोड जोडी आहे! मी कार्डं काढली, जोडली, पेन उघडलं आणि सही करताना हात थांबला. आपल्या द चा त्यांच्याकडे ट होतो. दोन, टू. दहा, टेन. हे त्यानेच शिकवलं. मग दिवसाचा सख्खा ड ने कसा सुरू होईल? या वेळी पुस्तक उघडलं. डेचं घराणं निराळंच निघालं. दिवस आणि आपला देव एका घरचे, आणि इंग्लिशमधला त्यांचा चुलत नातेवाईक ट्यूजडेच्या पोटात बसलाय. ट ने.

मग मी मागे मागे गेले. एकेक कागद. सोळा तारखेपासून सगळं असंच होतं. नुसती सारखी दिसणारी माणसं शेजारी बसवलेली. आणि मी, मामी, सोळापासून बावीसपर्यंत प्रत्येक कागदावर ‘तपासलं, बरोबर आहे’ लिहून सही केली होती. तपासलं नव्हतं. आकडा मोजत होते. तू मला सांगितलंस, तो कागद फाटेपर्यंत खोडतोय, आणि मी तुला गणित सांगितलं.

अठ्ठावीसला एकूण दोन हजार एकशे चाळीस शब्द होते. ज्यांच्यासाठी मी छातीवर हात ठेवून उभी राहीन असे सहाशे बारा.

कात्रीने गठ्ठा चाळला. डे-दिवसवर खूश. “वा! हे जाहिरातीत टाकू. लोकांना हेच आवडतं.”

मी म्हटलं, “साहेब, ते चूक आहे.”

“मामांनी दिलंय ना?”

“हो.”

“मग? कोण तपासणार आहे?”

“मामा तपासतील,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी पहिल्या पानाचं प्रूफ माझ्यासमोर ठेवलं. मधोमध मामाचं नाव, ठळक टायपात. “हे बघा आणि ठरवा. शेवटच्या कागदावर सही करा. आधीच्या तर तुम्ही केल्याच आहेत.” त्यांचा आवाज चांगला होता, मामी. त्यांनाही ते नाव छापायचं होतं, खरंच.

मी सोळापासूनच्या सगळ्या कागदांवरच्या माझ्या सह्या खोडल्या. त्यांच्यासमोर. सहाशे बारा पुढे सरकवले. ते म्हणाले, “सहाशेत काय होतं? अर्धवट दिसेल. मग नकोच.” काल दुपारी कपाट नेलं. चौदा खण गोणीत उपडे केले. मी एक गोणी धरून ठेवायला गेले तर माणूस म्हणाला, “ताई, बाजूला व्हा, पायावर पडेल.”

मी त्याचं काम दोनदा पुसलं. एकदा नकळत, एकदा कळून.

आता तू सांग, मामाला काय कळवायचं? प्रूफचा तो कागद मी उचलून आणलाय, सोबत पाठवतेय. तुला वाटलं तर त्याला दाखव, म्हण छापून आलं. मी तसं पत्रही लिहीन, ‘पास’ झालं म्हणून, जसं हॅवच्या वेळी लिहिलं होतं. तुला योग्य वाटेल ते. मला आता काय योग्य ते ठरवायचा हक्क नाही.

भिंगरी

१० मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य खोड. हक्कबिक्क काही नसतं, जे समोर येतं ते करायचं असतं.

आधी मी खरं सांगायचं ठरवलं. त्यांच्या शेजारी बसून सगळं वाचून दाखवलं, सह्यांसकट. कितपत पोचलं माहीत नाही. मग म्हणाले, “खोडल्या? तिने स्वतः? बरं केलं.” आणि झोपले.

संध्याकाळी विचारतात, “कोशाचं काय झालं?” म्हणजे गेलं डोक्यातून. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढाच धक्का, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. पुन्हा म्हणाले, “बरं केलं.” दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दुपारी पुन्हा. प्रत्येक वेळी ते कपाट त्यांच्यासमोर नव्याने जातं गं. आणि सांगणारी मी.

म्हणून पाचव्या वेळी मी हरले. तुझा तो प्रूफचा कागद आणून हातात दिला. म्हटलं, छापून आलं, सगळं, हे बघा नाव. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. मला वाटलं, चला, सुटलो. तर म्हणाले, “तपासलं कुणी?” मी म्हटलं, भिंगरीने. “सगळं?” हो, सगळं. “इतक्या दिवसांत सगळं?” आणि जे सुरू झालं! या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत, कागद छातीशी. “चूक राहिली असेल. माझं नाव आहे त्यावर. पोरगी घाईत असते. थांबवायला सांग.” जेवले नाहीत. मी समजूत काढते, सगळं बरोबर आहे हो, तर माझ्यावर ओरडले, “तुम्हाला काय कळतं? तुम्ही कोण?”

शेवटी मी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, नाही छापलं. मी खोटं बोलले. चुका होत्या, म्हणून तिने सही केली नाही. सगळं गेलं.

खांदे असे खाली आले त्यांचे. बसले. मी पाणी दिलं, प्यायले. मग माझा हात हातात घेतला, आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाले, “भिंगरे, सही नाही ना केलीस?”

मी म्हटलं, “नाही केली, मामा.”

मामी